मामागावात कशालाही चांगलं म्हणू नये

रविवारी सकाळी मी आरशासमोर जेवढा वेळ उभा राहतो, तेवढा माझ्या लग्नाच्या दिवशीही राहिलो नव्हतो. बंद गळ्याचा करडा कोट, ज्याच्या अस्तराला अजून डांबरगोळ्यांचा वास आहे. कमरेच्या बऱ्याच वर चढणारी आणि खाली रुंद होत जाणारी पॅन्ट. आणि शेवटी टोपी. टोपी शेवटीच. ती चढली की दिवसभर दुकानात नळाच्या तोट्या विकणारा माणूस संपतो आणि आरशात कुणीतरी भारदस्त उभा राहतो. बायको दारातून विचारते, "झाली का नवरदेवाची तयारी?" मी उत्तर देत नाही. भारदस्त माणसं उत्तरं देत नसतात.

गोंदियात आम्हा जुन्याच्या शौकिनांचा एक लहानसा कंपू आहे. कुणाकडे फेल्टची हॅट आहे, कुणाकडे साहेबी थाटाची खाकी टोपी, कुणी वडिलांचा टेरिकॉटचा सफारी पोट आत ओढून घालतो. स्टेशनाजवळच्या टपरीवर आम्ही जमतो, चहा पितो, एकमेकांच्या बाह्या बोटांत धरून चाचपतो, "ऐसा कपडा अब कहाँ मिलता है" असं म्हणतो आणि फोटो काढतो. येणारे-जाणारे विचारतात, "भाईसाब, शूटिंग चल रही है क्या?" सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. मग तोच प्रश्न ऐकायला आवडू लागला. आता कुणी विचारलं नाही तर रविवार फुकट गेल्यासारखा वाटतो.

हे सगळं नुसतं मिरवणं आहे असं मात्र कुणी समजू नये. जुन्या वस्तूंवर माझा खरोखर जीव आहे. कोळशाची इस्त्री उचलली की मनगटाला जे वजन लागतं, ते मला आवडतं. जुना रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलत नाही, आधी आतून तापतो, मग घसा साफ करतो, मग बोलतो; मला हा सभ्यपणा वाटतो. गोंदियालगत फुलचूरला आमच्या घरात वरची एक खोली मी या वस्तूंसाठी राखून ठेवली आहे. तिथं पितळी पात्यांचा पंखा आहे, स्टोव्ह आहे, कंदील आहेत, लोखंडी शेवयांचं मशीन आहे, भिंतीवर लोलकाचं घड्याळ आहे. पिवळे दिवे लावलेत. संध्याकाळी दुकान बंद करून आलो की मी तिथं नुसता बसतो आणि मला बरं वाटतं. वाटायचं, असं म्हणायला हवं.

कारण त्या खोलीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू एकाच घरातून आलेली आहे. माझ्या मामांच्या.

मामांचं गाव आमगावच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमधून एक रस्ता जातो त्याच्या टोकाला. आईचे भाऊ म्हणाल तर तेवढे एकच. त्यांच्या मुली लग्न होऊन दूर गेल्या. घरात आता मामा आणि मामी दोघंच असतात. आणि आमच्याकडे भाचा म्हणजे साधासुधा पाहुणा नसतो. इतर ठिकाणी भाचे मामाच्या पाया पडत असतील; आमच्या या पट्ट्यात, छत्तीसगडचं वारं लागल्यामुळे म्हणा, मामा भाच्याच्या पाया पडतो. मी पाळण्यात होतो तेव्हापासून मामा, तो एकेकाळी धानाचं पोतं एका हातानं फिरवणारा माणूस, माझ्या पायांना हात लावत आले आहेत. वयानं मी त्यांच्या मुलासारखा, तरी मला 'तुमी' म्हणतात. आणि भाच्यानं मागितलेलं, मागितलेलंच कशाला, नुसतं चांगलं म्हटलेलं, त्याला देऊन टाकायचं, ही रीत. भाच्याला दिलं ते देवाला दिलं. दिलेलं परत घेतलं तर पाप.

ही रीत मला माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही. लहानपणी आमगावला उतरलो की आई माझ्या दंडाला चिमटा घ्यायची. "मामाच्या घरी कशालेच चांगलं म्हनू नोको. जेवनाले म्हन, बस." एकदा मी चिमटा विसरलो आणि बकरीच्या पिल्लाला "किती छान" म्हणून बसलो. संध्याकाळी ते पिल्लू आमच्याबरोबर घरी यायला निघालं. मामांची धाकटी लेक, ते पिल्लू तिचं होतं, रडत रडत गावाच्या शेवटच्या घरापर्यंत मागे आली. आईनं ते परत करायची फार धडपड केली, पण मामांनी घेतलं नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आई गेली आणि माझ्या दंडाला चिमटा घेणारं कुणी उरलं नाही. तोवर माझी गाडी आली होती आणि जुन्याचा नादही लागला होता. मग मामागावाची ओढ एकाएकी वाढली. मामा-मामींना वाटलं, भासा, म्हणजे त्यांच्या बोलीतला भाचा, माया करतो. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं, ही त्यातली मोठी गंमत. मी घरात शिरायचो, कोपऱ्यातल्या शेवयांच्या मशीनवर थाप मारायचो आणि म्हणायचो, "वा मामी! असं लोखंड आता कुठं मिळतं?" निघायच्या वेळी ते मशीन जुन्या लुगड्यात बांधून दाराशी तयार असायचं. मी "नको हो, नको" म्हणायचो, पुन्हा एकदा "अहो खरंच नको" म्हणायचो आणि मग गाडीची डिकी उघडायचो. इस्त्री अशीच आली, घड्याळ असंच आलं. घड्याळ आलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमचं कौतुक म्हणजे जप्तीची नोटीस आहे." मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते टपरीवर कंपूला सांगितलं, आणि सगळे हसले.

टोपी आली ती मंडईच्या दिवशी. दिवाळीनंतर आमच्या गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, जिलेबीची दुकानं लागतात, म्हातारी माणसं ठेवणीतले कपडे काढतात. मामा धोतर-सदऱ्यावर त्यांची काळी टोपी घालून अंगणात उभे होते. जाड लोकरी कापडाची, कडा जरा तपकिरी पडलेली, पण आकार असा की जणू डोक्याबरोबरच घडवली असावी. मामांच्या लग्नातली ती टोपी. ग्रामपंचायतीत, लग्नात, मयतीला, तालुक्याला, मामांना त्या टोपीशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी, शहाणा, म्हणालो, "मामा, टोपी काय झकास दिसून राहिली तुम्हाला!"

मामा हसले. ते हसू अर्ध्यावर थांबलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी टोपी उतरवली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. त्यांचं कपाळ खाली उन्हानं काळं पडलेलं होतं आणि वर, जिथं टोपी बसायची तिथं, लहान मुलाच्या कातडीसारखं उजळ होतं. ती उजळ पट्टी मी पाहिली. पाहून मला काय वाटलं? मला वाटलं, हा काळा रंग फोटोत कसा येईल. एवढंच वाटलं. हे लिहायची आज मला लाज वाटते, पण तेव्हा एवढंच वाटलं होतं.

टोपी मला घट्ट होत होती. माझं डोकं मोठं आहे, हे आईही म्हणायची, निराळ्या अर्थानं. गोंदियाच्या एका शिंप्याकडून मी मागची शिवण उसवून तिथं काळ्या कापडाची एक पट्टी बसवून घेतली. मग ती झकास बसली. तिच्यातला माझा फोटो इतक्या जणांनी वाखाणला की मी तो पुन्हा पुन्हा उघडून पाहत होतो. मामा त्यानंतर डोक्याला पंचा गुंडाळू लागले. मी तेही पाहिलं, आणि मला वाटलं, म्हातारपणी माणसाला मोकळं-ढाकळं बरं वाटत असेल.

यंदाच्या हिवाळ्यात मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पहिलं निमंत्रण मामाच्या घरी द्यायचं, म्हणून मी एकटाच निघालो. आमगावला पोचल्यावर फोन केला, "मामा, येऊन राहिलो. आत्ता पोचतो." मामा म्हणाले, "या, या ना भासा." मागं मामींचा आवाज आला, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मामींकडे एक हातमशीन आहे, हातानं चाक फिरवून कपडे शिवायचं. काळं अंग, त्यावर पुसट झालेली सोनेरी वेलबुट्टी. खिडकीखाली लाकडी खोक्यावर ते कायम असायचं. मामी त्या मशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवतात, पोरींचे झगे शिवतात, बियाण्याच्या पिशव्या शिवतात. दुपारी त्या घरात चार बाया बसलेल्या असतात त्या या मशीनमुळे. मशीन नसतं तर मुली गेल्यावर त्या घरात कुणी बोलायलाही आलं नसतं. मागच्या खेपेला मी त्या मशीनच्या चाकावरून हात फिरवला होता. चांगलं म्हटलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त विचारलं होतं, "मामी, किती जुनी असंल ही?"

यावेळी खिडकीखाली खोकं होतं, पण वर मशीन नव्हतं. सुपात पोपटाच्या, म्हणजे आमच्याकडच्या वालाच्या, शेंगा सोलायला मांडून ठेवल्या होत्या. खाली जमिनीवर मात्र लाल दोऱ्याचे तुकडे आणि नव्याकोऱ्या खणाच्या चिंध्या पडल्या होत्या. मी सहज म्हणालो, "मामी, मशीन दिसत नाही?"

"दुरुस्तीले देली," मामी म्हणाल्या. "आमगावले. लय दिवस झाले."

मामा वर आढ्याकडे पाहू लागले. आढ्याला पाहण्यासारखं काही नव्हतं.

मला तरीही काही कळलं नाही. मी निमंत्रण दिलं, साक्षगंधाची गोष्ट केली, मामींनी ताट वाढलं. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, पोपटाच्या दाण्यांची भाजी. आईचा नियम पाळल्यासारखा मी फक्त जेवणालाच चांगलं म्हणत होतो. तेवढ्यात मागच्या वाडीतून शेजारणीचा खणखणीत आवाज आला.

"काकी व! गेला का तुमचा भासा? मशीन आनून देऊ का वापस? माह्या पोरीचा ब्लाउज अर्धाच राह्यला ना!"

मामींचा हात माझ्या ताटावर वरणाच्या पळीसकट थांबला. मग त्या वरच्या पट्टीत ओरडल्या, "पंखा पायजे का व तुले? धान उडवाचा पंखा मांगून राहिली का? मंग नेजो!"

शेजारीण बिचारी भोळी. ती म्हणाली, "पंखा कायले? मशीन, मशीन!" आणि बोलत बोलत मागच्या दारात येऊन उभी राहिली. कडेवर तिनं काहीतरी घेतलं होतं, मूल घेतात तसं, आणि त्यावर पदर ओढला होता. पदराखालून चाकाची मूठ बाहेर आली होती. तिनं मला पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग ती तशीच, कडेवरचं ओझं सावरत, मागं वळली आणि निघून गेली.

मी भाताकडे पाहत राहिलो. मी पाहिलं नाही असं मी दाखवलं, आणि त्यांनी लपवलं नाही असं त्यांनी दाखवलं. मामींनी वरण वाढलं. मामा म्हणाले, "यंदा धान बरा झाला." मी म्हणालो, "हो, रस्त्यानं दिसला." ताटात टाकणं म्हणजे आणखी एक अपमान, म्हणून मी सगळं संपवलं.

ज्या घरात मला देव म्हणतात, त्या घरात मी येतोय म्हटलं की वस्तू लपवतात. चोर यायच्या आधी लपवाव्यात तशा. नाही, तसंही नाही. चोर आला तर ओरडता येतं, शेजाऱ्यांना हाक मारता येते. माझ्यासमोर त्या दोन म्हाताऱ्या माणसांना तेही करता येत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत धावपळ करून जे वाचेल ते वाचवायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. आणि मी आमगावहून फोन केला होता म्हणून तेवढा तरी वेळ त्यांना मिळाला.

निघताना मामा खाली वाकले. रीतच ती. पंचा सुटून खांद्यावर आला होता आणि त्यांचं उघडं डोकं माझ्या गुडघ्यांशी आलं. मला पाय मागं घ्यावेसे वाटले. पाय मागं घेतले असते तर त्यांना वाटलं असतं भासा रागावला, मशीनसाठी रागावला. म्हणून मी पाय तिथंच ठेवले. त्यांच्या बोटांचा स्पर्श माझ्या पायांना झाला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. "तुम्हाला आज कळलं?" एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "इस्त्री आणली तेव्हा मामी दारापर्यंत आल्या नव्हत्या. मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली होती ना. जप्तीची नोटीस म्हटलं होतं. तुम्ही टपरीवर सांगून आलात."

मी वर खोलीत गेलो. दिवे लावले. शेवयांच्या मशीनच्या तोंडात मी मनीप्लांट लावला होता. तो चांगला वाढून लोंबत होता. उन्हाळ्यात त्या मशीनभोवती मामींच्या अंगणात आळीतल्या सगळ्या बायका बसायच्या, खाटेच्या लाकडाला मशीन आवळून आळीपाळीनं दांडा फिरवायच्या. मी ते लहानपणी पाहिलेलं. माझ्या खोलीत ते मशीन आणल्यापासून एकदाही फिरलं नव्हतं. मला त्या खोलीतलं काहीच बघवेना, मी दिवे बंद केले.

दुसऱ्या दिवशी मामांना फोन केला. शब्द जुळवून ठेवले होते, तरी त त प प झालं. म्हटलं, "मामा, ती टोपी मी घेऊन येतो. तुमच्या डोक्यालाच शोभते ती. आणि बाकीचंही थोडं सामान—"

"काऊन? आमचं काही चुकलं का भासा?" मामांचा आवाज घाबरला होता.

"नाही हो. तुमचं काय चुकणार?"

"मंग असं बोलू नोका. देल्लं ते देल्लं. माह्या हातून या वयात पाप कायले करवता?"

म्हणजे पाप त्यांना लागणार होतं. घेतलं मी, आणि परत दिलं तर पाप त्यांना. ही रीत कुणी केली असेल त्याच्या डोक्यात माझ्यासारखा भाचा आला नसावा.

तोड बायकोनं काढली. साक्षगंधात वडील माणसांना आहेर करायचाच असतो. पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. आहेर नाकारता येत नाही. आणि आहेर म्हणजे परत देणं नव्हे. ते देणं झालं. "बाकीच्यांना बाजारातली पांढरी टोपी घाला, मामांना त्यांची काळी घाला," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी टोपीला ब्रश मारला, उन्हात धरली, कागदात गुंडाळून ठेवली. पुन्हा एकदा मी स्वतःला भला माणूस समजू लागलो. फार दिवस लागत नाहीत मला त्याला.

साक्षगंध आमच्या घरीच होतं. पाहुणे येण्याआधी मी वरच्या खोलीला कुलूप लावलं. मामा-मामी आमच्याकडे क्वचितच येतात आणि ती खोली सजवल्यापासून तर आलेच नव्हते. त्यांची इस्त्री पिवळ्या दिव्याखाली, त्यांचं घड्याळ भिंतीवर, त्यांच्या शेवयांच्या मशीनमध्ये मनीप्लांट, हे त्यांना दिसू नये. किल्ली मी कोटाच्या खिशात टाकली. कुलूप लावताना माझ्या डोक्यात दुसरं काहीही आलं नाही, हे विशेष.

मामी आल्या, लुगडं बदलायला आडोसा शोधू लागल्या. खाली सगळीकडे माणसं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वरत खोली आहे ना?"

"वर नका जाऊ मामी," मी म्हणालो. "वर सगळी अडगळ आहे."

म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं. त्यांच्या घरातली एकेक वस्तू कौतुक करकरून उचलून आणली आणि त्यांच्याच तोंडावर तिला अडगळ म्हणालो. मामींनी माझ्याकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मला अजून माहीत नाही. "बरं," म्हणाल्या आणि बायकोबरोबर स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत गेल्या.

आहेराची वेळ झाली. मी पहिल्यांदा मामांना पाटावर बसवलं. कुंकू लावलं, तांदूळ लावले. कागदातून टोपी काढली. मामांनी ती ओळखली. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, आता सगळं फिटलं. मी दोन्ही हातांनी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

ती खाली आली. कपाळ झाकून, भुवया झाकून, थेट डोळ्यांवर. मी बसवलेली पट्टी मी साफ विसरलो होतो. आणि मामांचं डोकंही या काही वर्षांत वाळल्यासारखं झालं होतं. सगळीकडे हशा पिकला. मुलाकडची मंडळी मोकळेपणानं हसली; त्यांना वाटलं, मामाची थट्टा करायची म्हणून मुद्दाम मोठी टोपी आणली असेल, लग्नकार्यात असं चालतंच. टोपीखालून मामाही हसले. एका हातानं त्यांनी टोपी मागं सारली आणि तशीच धरून ठेवली. "माहीच आहे," ते शेजारच्यांना म्हणाले. "माह्या लग्नातली. जराशी मोठी झाली." 'मोठी केली' असं ते म्हणाले नाहीत.

मी दुपट्टा त्यांच्या खांद्यावर घातला. मी हळूच म्हणालो, "मामा, मी छोटी करून आणतो. गोंदियातच करून घेतो."

"राहू द्या ना भासा, तुमी कायले तरास घेता," मामी मागून पुढं आल्या. टोपी त्यांनी मामांच्या हातातून घेतली, उलटी केली, मागची पट्टी बोटानं चाचपली. चेहरा एकदम मोकळा झाला होता. आपल्या हातची गोष्ट सापडली की माणसाचा होतो तसा. "हे का, हे पट्टी काढली का झालं. घरी गेली का मशीनीवर अशी एक टीप मा—"

त्या थांबल्या. टोपी हातातच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात काय होतं ते मी ओळखलं. लहानपणी मामांची धाकटी लेक पिल्लाला छातीशी धरून माझ्याकडे तशीच पाहत होती.

"हातानं," मामी घाईनं म्हणाल्या. "हातानंच शिवीन म्हटलं. सुई-दोऱ्यानं. मशीन कुठं आहे आता घरी."

मला सांगायचं होतं, मामी, मला नको ते मशीन, तुमच्या खिडकीखाली सुखानं असू द्या. पण असं म्हणणं म्हणजे तुम्ही खोटं बोललात हे मला माहीत आहे असं चारचौघांत म्हणणं. आणि कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? मामा पाटावर बसून होते, कपाळावर तांदूळ चिकटलेले, डोकं उघडं. माझा हात कोटाच्या खिशात गेला होता आणि बोटांना वरच्या खोलीची किल्ली लागत होती.

"हो मामी," मी म्हणालो, "हातानंच बरं."